हनोईची खोली २,३०० ला, सिएम रीपची १,४०० ला; मग रात्री कुठे काढायच्या?

पत्र: दिवाळीच्या सुट्टीत मी, माझे यजमान, तेरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघे व्हिएतनाम-कंबोडियाला जायचं म्हणतोय. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, पण अंगकोर वाट बघायची त्यांची फार इच्छा आहे. त्या शाकाहारी आहेत. एकूण दहा मुक्काम. मुंबईहून हनोई, मग होई आन, हो ची मिन्ह सिटी, तिथून बसने नॉम पेन्ह, सिएम रीप आणि परत हो ची मिन्हला येऊन मुंबईचं विमान. यजमानांनी साध्या हॉटेलांच्या भावांचा तक्ता केलाय. दोघांच्या खोलीचा एका रात्रीचा भाव, रुपयांत: हनोई २,३००, होई आन १,७००, हो ची मिन्ह २,५००, नॉम पेन्ह २,०००, सिएम रीप १,४००. त्यांचं म्हणणं, कंबोडिया सरळ स्वस्त आहे, सहा रात्री तिकडेच काढू, व्हिएतनाम आवरतं घेऊ. मला हनोई नीट बघायचंय, पण आकड्यांपुढे काय बोलणार? हा हिशेब बरोबर आहे का? आणि पैसे डॉलरमध्ये न्यायचे का? – वैशाली, सांगली (नाव बदललं आहे)

वैशालीताई,

यजमानांनी मन लावून काम केलंय. त्या त्या शहरात त्या भावाला खोल्या मिळतात, त्यामुळे तक्त्यातले आकडे चुकीचे नाहीत. पण त्या आकड्यांवरून रात्री वाटायच्या, हे मला पटत नाही. कारण तुमच्या सहलीत खोलीच्या भावातला फरक ही सगळ्यांत छोटी रक्कम आहे. मोठ्या रकमा तक्त्यात आल्याच नाहीत.

आधी त्या मोठ्या रकमा बघू. डॉलर सोयीसाठी ९० रुपये धरते. कंबोडियाचा पर्यटक व्हिसा माणशी ३० डॉलर. अंगकोरच्या देवळांचा प्रवेश-पास एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२. २०१७ पासून हेच दर आहेत. बारा वर्षांखालच्या मुलांना तो फुकट असतो, पण तुमची कन्या तेराची, म्हणजे चार पास आले. तीन दिवसांचे चार पास २४८ डॉलर आणि चार व्हिसा १२० डॉलर. हे झाले ३३ हजारांच्या वर, आणि अजून एकही रात्र काढलेली नाही.

आता तुमचा मार्ग बघा. व्हिएतनाममध्ये शिरायचं, कंबोडियात जायचं आणि परत व्हिएतनाममध्ये येऊन मुंबईचं विमान पकडायचं. व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदाच प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशासाठी ५०. तुमच्या मार्गाला दुसरा लागेल. चौघांचे १०० डॉलर जास्तीचे, म्हणजे नऊ हजार रुपये, निव्वळ शेवटचं विमान हो ची मिन्हहून आहे म्हणून. शिवाय सिएम रीपहून हो ची मिन्हला परत यायचा खर्च वेगळा.

याच्या शेजारी खोल्यांचा हिशेब ठेवा. हनोई आणि सिएम रीपच्या खोलीत ९०० रुपयांचा फरक, दोन खोल्यांचा १,८००. हनोईच्या दोन रात्री कापून सिएम रीपला नेल्या तर वाचणार ३,६०० रुपये. एवढ्यासाठी तुम्ही हनोई सोडणार? परतीचं विमान सिएम रीपहून बँकॉक किंवा क्वालालंपूरमार्गे घेतलंत, तर व्हिसाचेच नऊ हजार वाचतील. त्या विमानाचं तिकीट कदाचित महाग पडेल, कदाचित नाही. मुंबईहून हनोई आणि सिएम रीपहून मुंबई असं एकत्र शोधून बघा. यजमानांना आकड्यांची आवड आहे, तर हा शोध त्यांच्याकडेच सोपवा. खोल्यांच्या भावापेक्षा मोठी बचत इथे आहे.

आता खोल्यांकडे येते, कारण तिथेही एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सिएम रीपला १,४०० मध्ये काय मिळतं आणि हनोईला २,३०० मध्ये काय मिळतं, हे एकसारखं नाही.

सिएम रीप हे गाव अंगकोरच्या पर्यटकांवर उभं आहे. २०१८ साली अंगकोरला सुमारे २६ लाख परदेशी लोक आले. त्या गर्दीच्या भरवशावर हॉटेलं बांधली गेली. मग करोना आला, आणि २०२४ मध्येही आकडा जेमतेम १० लाखांपर्यंत पोचला. २०२५ मध्ये थायलंडशी सीमेवर चकमकी झाल्या, जमिनीवरची नाकी बंद झाली आणि बँकॉकहून बसने येणारी मंडळीही आटली. खोल्या तेवढ्याच राहिल्या, माणसं कमी झाली. म्हणून तिथे १,४०० रुपयांत पोहण्याचा तलाव, बाग, मोठी खिडकी आणि हसतमुख मालक असं सगळं एकत्र मिळू शकतं. हा भाव पडलेला आहे आणि त्यात माल चांगला आहे, हे यजमानांचं बरोबर.

हनोईत नेमकं उलट. व्हिएतनाममध्ये २०२४ साली पावणेदोन कोटींच्या आसपास परदेशी पर्यटक आले आणि २०२५ मध्ये दोन कोटींचा टप्पा ओलांडला गेला. देशातले लोकही भरपूर फिरतात. त्यात सगळ्यांना राहायचं असतं हनोईच्या जुन्या पेठेत, आणि तिथली जागा वाढणार कुठून? जुन्या पेठेतली घरं रस्त्याकडून तीन-चार मीटर रुंद आणि आत लांबच लांब. खाली काउंटर, रात्री तिथेच लावलेल्या मोटरसायकली, आणि वर एकावर एक पाच-सहा मजले. पुढच्या खोलीला रस्त्याकडची खिडकी, मागच्या खोलीला असलीच तर मागच्या बाजूची, आणि मधल्या खोल्यांना काहीच नाही. या मधल्या खोल्या स्वस्त असतात. बुकिंगच्या पानावर खोलीचं नाव ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सुपीरियर’ असतं, आणि खाली बारीक अक्षरात ‘नो विंडो’ लिहिलेलं असतं. फोटोत छान जाड पडदा दिसतो. पडदा बाजूला केला की भिंत, किंवा जिन्याकडे उघडणारी काच.

दोन दिवस फिरून रात्री नुसतं पाठ टेकायला येणाऱ्या तरुणाला अशी खोली चालते. सासूबाई दुपारी पडायला खोलीवर येणार असतील तर चालणार नाही. बाहेर उजाडलंय की मावळलंय हे कळत नाही, आणि ओल असेल तर श्वास कोंडतो. तेव्हा हनोईचं हॉटेल शोधताना खिडकी आधी, भाव मागाहून.

खिडकीइतकीच लिफ्ट महत्त्वाची. या अरुंद घरांचे जिने उभे असतात आणि स्वस्तातल्या बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नसते. सोयींच्या यादीत ‘लिफ्ट’ दिसली तरी हॉटेलला निरोप पाठवून विचारा की लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का, कारण काही ठिकाणी पहिला जिना चढून गेल्यावर ती भेटते. तळमजल्याच्या वर, पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडची खोली लेखी मागून घ्या. अशी खोली २,३०० ला मिळेलच असं नाही, २,८०० पर्यंत जाईल. तेवढं द्या. गुडघ्यांच्या बाबतीत पाचशे रुपये वाचवून आपण काही मिळवत नाही.

शोधताना दोन माणसं टाकून भाव बघितलाय, तेही बदला. चार माणसं आणि मुलीचं वय तेरा असं टाका. बारा वर्षांच्या वरचं मूल बहुतेक हॉटेलं मोठं माणूसच धरतात. चारजण टाकल्यावर दोन डबल बेडची फॅमिली रूम दिसू लागते, आणि ती व्हिएतनाममध्ये बऱ्याचदा दोन खोल्यांपेक्षा स्वस्त पडते. सासूबाईंना रात्री उठावं लागत असेल, तर एकाच खोलीत सगळे असणं सोयीचंही. मात्र बाथरूम एकच असते, सकाळी चौघांचं आवरायला वेळ लागतो; ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि भाव शेवटच्या पानावरचा लिहून घ्या. पहिल्या पानावरचा भाव कधी करांसकट असतो, कधी नसतो. व्हिएतनाममध्ये ८ ते १० टक्के व्हॅट लागतो, जरा बऱ्या हॉटेलात वर ५ टक्के सेवाशुल्क. कंबोडियात १० टक्के व्हॅट आणि २ टक्के निवास कर. एका शहराचा भाव करांसकट आणि दुसऱ्याचा करांविना असा शेजारी-शेजारी लिहिला तर २०० रुपयांचा फरक नुसता त्यातूनच निघतो. आपल्या बँकेचं कार्ड वापरलं की वर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी असू शकतो. पैसे भरताना ‘रुपयात भरायचे का’ असं मशीन विचारेल, तेव्हा तिथलंच चलन निवडा. रुपयाचा दर ते स्वतःच्या फायद्याचा लावतात.

तारखांचं काय? तक्ता करताना भाव कोणत्या तारखांचे टाकले होते, हे पत्रात नाही. सहज आजचे किंवा पुढच्या आठवड्याचे टाकले असतील तर सगळं पुन्हा बघावं लागेल. दिवाळीच्या सुमारास हनोईत पाऊस सरतो, हवा सुखद होते आणि भाव वर जातात. सिएम रीपलाही कोरडा मोसम तेव्हाच सुरू होतो. नॉम पेन्हला आणखी एक गोष्ट आहे. कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या वेळी, तिथे ‘बोन ओम तूक’ हा पाण्याचा सण तीन दिवस चालतो. राजवाड्यासमोर तोनले साप नदीत लांब नावांच्या शर्यती होतात आणि गावोगावचे लोक राजधानीत लोटतात. बघण्यासारखा सण आहे, पण त्या रात्रींना नदीकाठच्या खोल्यांचे भाव चढतात आणि रस्ते बंद असतात. तुमच्या तारखा दिवाळीनंतर लगेचच्या असतील तर अडचण नाही. पौर्णिमेजवळ गेल्या तर सासूबाईंना घेऊन त्या गर्दीत जाऊ नका.

होई आनचे १,७०० रुपये बघून कुणालाही मोह होईल. मी तुम्हाला या वेळी होई आन सोडायला सांगते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हा मध्य व्हिएतनाममध्ये पावसाचा आणि पुराचा काळ. होई आन नदीकाठी सखल जागेत वसलंय, जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा सापडतात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ह्वे आणि होई आन दोन्ही पाण्याखाली गेली होती. तुमच्या दिवसांत पूर येईलच असं नव्हे, पण तो भाव स्वस्त दिसतो त्यामागे हे कारण आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर होई आन जरूर ठेवा. शाळांच्या सुट्ट्यांत, जून ते ऑगस्ट, व्हिएतनामी कुटुंबं होई आनजवळच्या दा नांगच्या किनाऱ्यावर येतात, तेव्हा तिथले भावही वाढलेले असतात.

होई आन काढल्यावर दहा रात्री अशा वाटाव्यात असं मला वाटतं: हनोई तीन, हो ची मिन्ह दोन, नॉम पेन्ह एक, सिएम रीप चार. म्हणजे कंबोडियाला पाच रात्री आल्याच, यजमानांच्या आकड्याहून एकच कमी. पण त्या स्वस्त खोलीसाठी दिलेल्या नाहीत. तीन दिवसांचा अंगकोरचा पास दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस वापरता येतो, आणि सासूबाईंना एक दिवस फिरून एक दिवस आराम मिळाला तरच तो पास वसूल होईल. ज्या गोष्टीसाठी त्या येतायत, तिथे घाई नको.

अंगकोर वाटचं थोडं सांगते, कारण हॉटेल निवडायलाही ते उपयोगी पडेल. सूर्यवर्मन दुसरा याने बाराव्या शतकात बांधलेलं हे मुळात विष्णूचं देऊळ. सगळ्यांत वरच्या टप्प्यावर जायचा जिना भलताच उभा आहे. तिथे सासूबाईंना नेऊ नका. त्याची गरजही नाही. खालच्या पहिल्या टप्प्यावर, पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा शिल्पपट आहे, जवळजवळ पन्नास मीटर लांब. वासुकीच्या एका टोकाला असुर, दुसऱ्या टोकाला देव, मधे विष्णू, खाली कूर्म, पाण्यात माशांचे आणि मगरींचे तुकडे झालेले, वर अप्सरा. आजीला आणि नातीला तिथे तासभर सोडा. कथा त्यांना पाठ आहे, गाइडला काही सांगावं लागणार नाही. सकाळी लवकर जायचं, अकराच्या सुमारास उन्हं तापली की खोलीवर परतायचं आणि चारनंतर पुन्हा निघायचं, असा तिथला दिवस असतो. म्हणून सिएम रीपचं हॉटेल गावातच, पब स्ट्रीटपासून थोडं लांब, नदीपलीकडे वाट बो भागात बघा. तिथे शांतता आहे आणि टुकटुकही पटकन मिळते. देवळांच्या फेरीला मात्र टुकटुकऐवजी एसी गाडी करा. दिवसाला तीस-पस्तीस डॉलर जातील.

सिएम रीपला विमानाने जायचं ठरवलंत तर हे ध्यानात ठेवा: जुना विमानतळ गावापासून सात किलोमीटरवर होता आणि बरीच हॉटेलं फुकट न्यायला यायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला, तो गावापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. टॅक्सीला तीस-पस्तीस डॉलर पडतात, म्हणजे एका फेरीत दोन रात्रींच्या खोलीचे पैसे. जुनी परीक्षणं वाचून ‘विमानतळावरून फुकट सोय’ असं गृहीत धरू नका. नॉम पेन्हहून बसने गेलात तर सहा तासांच्या आसपास लागतात, पण बस गावातच सोडते. नॉम पेन्हचा विमानतळही सप्टेंबर २०२५ पासून शहराबाहेर दूर गेलाय.

हो ची मिन्हहून नॉम पेन्हची बस मोक बाय-बावेत नाक्यावरून जाते, सीमेवरचा वेळ धरून सहा-सात तास. व्हिएतनामच्या ई-व्हिसाच्या अर्जात बाहेर पडायचं ठिकाण विचारतात, तिथे मोक बाय लिहायला विसरू नका. कंबोडियाचा ई-अरायव्हल फॉर्म निघण्याआधी ऑनलाइन भरून ठेवा. सासूबाईंना एवढं बसवत नसेल तर नॉम पेन्ह सोडून हो ची मिन्हहून थेट सिएम रीपचं विमान घ्या आणि ती एक रात्र हनोईला जोडा. नॉम पेन्हचा राजवाडा आणि खमेर शिल्पांचं संग्रहालय मला फार आवडतं, तरी तुमच्या घरचे गुडघे बघता मी विमानाच्या बाजूने आहे.

हो ची मिन्हला बुई व्हिएन रस्त्यावर किंवा त्याला लागून खोली घेऊ नका, पहाटेपर्यंत गाणी चालू असतात. शहराच्या मध्यभागी, डिस्ट्रिक्ट वन म्हणतात त्या भागातच, चार गल्ल्या सोडून बघा.

जेवणाचं: न्याहारी धरून खोली घ्या, पण हॉटेलला आधी कळवा की एक व्यक्ती मांस, मासे आणि माशाचा सॉसही खात नाही. व्हिएतनाममध्ये माशाचा सॉस भाजीतही जातो. पाटीवर ‘chay’ (चाय) दिसलं की ते शाकाहारी. बौद्ध मंडळी प्रतिपदेला आणि पौर्णिमेला शाकाहार करतात, त्यामुळे अशी दुकानं बऱ्यापैकी असतात. हनोईची जुनी पेठ, डिस्ट्रिक्ट वन आणि सिएम रीपचा पब स्ट्रीट, तिन्हीकडे भारतीय जेवण मिळतं. ते तिथल्या साध्या जेवणापेक्षा महाग असतं, म्हणून दिवसाच्या खर्चात एक वेळ ते धरून ठेवा.

बुकिंग सगळं ‘मोफत रद्द’ या अटीचंच करा, थोडं महाग पडलं तरी. थायलंडच्या सीमेवरची परिस्थिती बदलती आहे. तिकिटं काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा.

आता पैशांचं. कंबोडियात हॉटेल, टुकटुक, पास सगळं डॉलरमध्ये चालतं आणि सुट्टे रिएलमध्ये परत मिळतात, एका डॉलरला साधारण ४,००० रिएल. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. जरा फाटलेली किंवा डाग पडलेली नोट तिथे घेत नाहीत. एक, पाच आणि दहाच्या नोटा जास्त ठेवा. व्हिएतनाममध्ये व्यवहार डोंगमध्ये करायचा, रुपयाला २९० च्या आसपास डोंग येतात. थोडे डॉलर हनोईत बदला, बाकी एटीएममधून काढा. २० हजारांची आणि ५ लाखांची नोट दोन्ही निळसर असतात आणि घाईत एकीच्या जागी दुसरी दिली जाते, तेव्हा ५ लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा.